सही आँटींची असली तरी

‘ताई, मी मूळची नाशिकची. सिंगापूरला एका बँकेत वेल्थ मॅनेजमेंटमध्ये रिलेशनशिप मॅनेजर आहे. माझ्या एक क्लायंट आहेत, सत्तरीच्या. नवरा गेल्यावर काँडो फ्लॅट विकून आलेले सगळे पैसे त्यांनी एफडीत ठेवलेत. माझं टार्गेट निम्मंही झालेलं नाही. बॉस म्हणतो, आँटींकडून अ‍ॅक्रेडिटेड इन्व्हेस्टरचा, म्हणजे श्रीमंत गुंतवणूकदाराचा, फॉर्म भरून घे आणि शेअरशी जोडलेली, शेअर पडले तर मुद्दलही बुडू शकेल अशी स्ट्रक्चर्ड नोट दे. मी सांगेन तिथे त्या सही करतील. नाही म्हटलं तर नोकरी जाईल, तिच्याबरोबर इथे राहून काम करण्याचा पासही. भावाच्या घराचे हप्ते मीच भरते. काय करू?’

प्रिय मैत्रिणी,

ही नोट आँटींना विकू नकोस. तुझी अडचण खरी आहे, तिच्याकडे येतेच. पण ‘मी सांगेन तिथे सही करतील’ असं तूच लिहिलंयस. म्हणजे सही त्यांची असली तरी निर्णय तुझा असणार आहे.

त्या फॉर्मचा अर्थ तुला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. निव्वळ आर्थिक मालमत्ता १० लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली की माणूस या वर्गात बसू शकतो. पण २०१९ पासून ग्राहकाने स्वतःहून होकार दिल्याशिवाय बँकेला त्याला तिथे घालता येत नाही. होकार दिला की सामान्य गुंतवणूकदाराची बरीच संरक्षणं सुटतात. काँडो विकून हातात पैसा आला म्हणून शेअर पडल्यावर नोटचं काय होतं हे कळायला लागतं असं थोडंच आहे? जास्तीचं व्याज मिळतं ते मुद्दल पणाला लावल्याबद्दल. आँटींकडे ते मुद्दल पुन्हा कमवायला वर्षं नाहीत.

तुमच्याच शहरात हे घडून गेलंय. २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली तेव्हा मिनीबाँड आणि तशा नोट्समध्ये जवळपास १० हजार लोक अडकले, त्यांत निवृत्त माणसंही होती. हाँग लिम पार्कात जमून ती दाद मागत होती. त्यांनीही सह्या केल्या होत्याच. पुढच्या वर्षी नियामकाने १० वित्तसंस्थांना अशा नोट्स विकायला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत बंदी घातली.

बॉसला तोंडी नको, ऑफिसच्या ईमेलवर लिही : वय, उत्पन्नाचं साधन आणि रिस्क प्रोफाइल (किती जोखीम झेपेल) पाहता हे प्रॉडक्ट या ग्राहकाला बसत नाही. भांडणाचा सूर नको. रिस्क प्रोफाइलमधली उत्तरं ‘जरा बदलून घे’ असं तो म्हणाला, तर मात्र थेट कंप्लायन्सकडे, म्हणजे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या विभागाकडे जा. आणि एक कळकळीने सांगते, पुरावा म्हणून ग्राहकाचे कागद स्वतःच्या फोनवर किंवा घरच्या ईमेलवर घेऊ नकोस. बँकिंग गोपनीयतेचा भंग तिथे गुन्हा आहे, आणि त्यात तूच अडकशील.

आता पास. तो रद्द झाला की साधारण ३० दिवसच राहता येतं. म्हणून रागाच्या भरात राजीनामा नको. शोध मात्र आजपासून सुरू कर आणि नव्या बँकेने केलेला पासचा अर्ज मंजूर झाला की मगच नोटीस दे. मुलाखतीत ‘किती एयूएम आणाल?’, म्हणजे ग्राहकांचे किती पैसे सोबत आणाल, असं विचारतील. आँटींचे पैसे त्या आकड्यात धरू नकोस. विक्रीच नकोशी झाली असेल तर कंप्लायन्स आणि ग्राहक-तपासणीची कामं बघ. तिथल्या ३ अब्ज सिंगापूर डॉलरच्या मनी लाँडरिंग प्रकरणात २०२५ मध्ये नऊ संस्थांना २.७४५ कोटी डॉलरचा दंड झाला. समोरचा माणूस आणि त्याचा पैसा दोन्ही नीट पाहणारी माणसं तिथे लागतात, आणि तुझ्या पत्रावरून तू तशी वाटतेस.

भावाशी याच रविवारी बोल. काही महिने हप्ता त्याने उचलावा किंवा बँकेशी बोलून मुदत वाढवून घ्यावी. तुझ्यावर किती ताण आहे हे घरी कुणालाच माहीत नसावं असं वाटतं. माहीत नसेल तर ते मदत तरी कशी करणार?

आँटींची एफडी संपेल तेव्हा त्यांच्या मुलांपैकी कुणाला तरी सोबत बोलाव. सिंगापूर सेव्हिंग्ज बाँड आणि टी-बिल हे सरकारी रोखेही त्यांना समजावून सांग, तुझ्या टार्गेटला त्याचा उपयोग नसला तरी.

तुझी,
ताई