सांगलीहून शनिवार-रविवारात सर्फिंगला कुठं जावं? माणशी सहा हजारांत जमेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सांगलीतले चार मित्र, एकाची गाडी, शुक्रवारी दुपारनंतर मोकळे, सोमवारी सकाळी कामावर हजर. खर्च माणशी सहा हजारांच्या वर जायला नको आणि चौघांपैकी कुणीच अजून सर्फबोर्डला हात लावलेला नाही. पोहता मात्र सगळ्यांना येतं, कृष्णेत शिकलेलं.

जमेल. हरमलला जा. पाट्यांवर आणि मोबाईलच्या नकाशावर ते आरंबोल म्हणून दिसतं. उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यात हरमल, मांद्रे, अश्वे, मोरजी असा सलग किनारा आहे. या पट्ट्यात सर्फिंग शिकवणारे बरेच आहेत आणि नवशिक्याला लागते तशी वाळूची, उथळ, हळूहळू खोल होत जाणारी जागाही आहे. मालवण-तारकर्ली आपल्याला जवळची वाटते, पण ती स्कूबासाठी, म्हणजे पाण्याखाली बुडी मारण्यासाठी. तिथं एमटीडीसीचं चांगलं स्कूबा केंद्र आहे, त्यासाठी वेगळी सहल काढा.

माझं सांगणं एकच आहे. आधी पाण्यातल्या दोन सकाळी पक्क्या करा आणि बाकीची सहल त्यांच्याभोवती बसवा. हात आखडायचा तो मुक्काम, जेवण आणि फिरण्यात. शिकवणाऱ्याच्या बाबतीत अजिबात नाही. बहुतेक मंडळी उलटं करतात. खोली भारी घेतात, शनिवारी रात्री जागतात आणि रविवारी दुपारी बाराला ‘जरा बोर्ड घेऊन बघू’ म्हणत किनाऱ्यावर येतात. तोवर पाणी बिघडलेलं असतं.

ते का बिघडतं, हे शाळेच्या भूगोलातच आहे: मतलई वारे आणि खारे वारे. रात्रभर जमीन थंड होते, त्यामुळं पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. तो लाटेला समोरून थोपवतो, म्हणून लाट गुळगुळीत राहते आणि नीट उभी राहून फुटते. जमीन तापली की वारा उलटा फिरतो, समुद्राकडून यायला लागतो आणि पाणी नुसतं खळबळतं. त्यात भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. म्हणून सकाळी नक्की किती वाजता उतरायचं ते शिकवणाऱ्यालाच ठरवू द्या. तो सातला या म्हणाला तर सातलाच पोचा.

महिना नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी धरा. ऑक्टोबर ते मार्च लाटा लहान, साधारण कमरेएवढ्या असतात आणि नवशिक्याला तेवढ्याच हव्यात. नाताळ ते नववर्षाचे दिवस टाळा, खोल्यांचे भाव तेव्हा कुठल्या कुठं जातात. जून ते सप्टेंबर तर विचारच नको. पावसाळ्यात तो समुद्र शिकाऊ माणसासाठी नाही, शिवाय जून-जुलैत मासेमारी बंद असल्यानं ताज्या मासळीचीही पंचाईत.

आता रस्ता. कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा, पेडणे, हरमल. अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात, चहापाणी धरून सहा-सात तास. रात्री दहाला निघून पहाटे पोचायचा बेत बरेच जण करतात, मला तो पटत नाही. आजरा ते आंबोली पट्ट्यात रात्री गवे रस्त्यावर येतात, घाटात धुकं असतं आणि रात्रभर जागा असलेला माणूस सकाळी लाटेत काय उभा राहणार! शुक्रवारी तीनला निघा आणि सावंतवाडीत मुक्काम करा. किनाऱ्यावरच्या खोलीपेक्षा तिथली साधी लॉज पुष्कळ स्वस्त पडते, जेवण घरच्यासारखं मिळतं आणि सकाळी साडेपाचला निघालात की सातच्या आत हरमल.

गाडी न्यायची नसेल तर मिरजेहून रात्रीची गोवा एक्स्प्रेस पहाटे मडगावला सोडते. पण मडगाव, पणजी, म्हापसा, हरमल अशा बस बदलता बदलता शनिवारची सकाळ जाते. त्यापेक्षा गाडीच बरी.

पाण्यात काय होतं ते जरा सविस्तर सांगतो. सुरुवातीला बोर्ड मिळतो तो आठ-नऊ फुटांचा, वरून मऊ फोमचा, डोक्यात बसला तरी फार लागू नये असा. त्याची दोरी मागं राहणाऱ्या पायाच्या घोट्याला बांधतात. पहिला अर्धा तास वाळूवरच जातो: पालथं पडायचं, पायाची बोटं बोर्डाच्या शेपटीकडं, तळवे छातीशी बरगड्यांच्या बाजूला, आणि एका झटक्यात उभं राहायचं. सूर्यनमस्कारात भुजंगासनातून थेट अश्वसंचालनात उडी मारावी तसं. गुडघा टेकून सावकाश उठायचा मोह होतो, पण तेवढ्यात लाट निघून जाते. रोज जोर काढायची सवय असलेल्याला हे लवकर जमतं, तेव्हा महिनाभर आधीपासून वीस-पंचवीस जोर सुरू करा.

मग कमरेएवढ्या पाण्यात. लाट फुटून पांढरा फेस झाला की शिकवणारा मागून बोर्ड ढकलतो आणि ‘अप!’ म्हणून ओरडतो. नजर कुठं ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. पायाकडं बघितलं की पडलातच. किनाऱ्यावरचं एखादं माडाचं झाड धरा आणि त्याच्याकडं बघत उठा. गुडघे वाकलेले, हात सैल. पहिल्या दिवशी दोन-तीन सेकंद उभं राहता आलं तरी खूप झालं. दुसऱ्या सकाळी अंगाला ते आठवतं आणि बहुतेक जण फेसावर स्वार होऊन वाळूपर्यंत येतात. ढकलत नेणाऱ्या पाण्याचा तो जोर पायाखाली जाणवला की माणूस वेगळाच खूश होतो. म्हणूनच एका धड्यावर समाधान मानू नका, दोन घ्या.

कपडे म्हणाल तर अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. ढगळ शर्ट पाण्यात वर सरकतो आणि बोर्डावर घासून पोट आणि बरगड्या सोलवटतात. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूवरून घासत चाला. वाळूत पाकट (चपटा मासा) बसलेलं असलं तर चाहूल लागून निघून जातं, पायाखाली आलं तर शेपटीचा काटा मारतं.

आता कृष्णेतल्या पोहण्याबद्दल. आयर्विन पुलाच्या आसपास पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते आणि समुद्रावर हीच गोष्ट धोक्याची ठरू शकते. नदीची ओढ एकाच दिशेला असते आणि दोन्ही बाजूंना काठ असतो. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून माणसाला जोरात खोल समुद्राकडं ओढत नेतं. फसवणूक अशी की तो पट्टा दिसायला शांत असतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटतात, मध्ये पाणी गडद आणि सपाट, आणि पोहणारा नेमका तिथंच उतरतो. सापडलात तर किनाऱ्याकडं झुंजत येऊ नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की मग किनाऱ्याकडं वळा. बोर्ड असेल तर तो सोडू नका, त्याला धरून तरंगत हात वर करा. गोव्यात जीवरक्षक लाल-पिवळी निशाणं लावतात, आंघोळ त्यांच्या मधेच करायची. नुसतं लाल निशाण असेल तर पाण्यात पाय नको. खाडीच्या तोंडाशी, म्हणजे केरीला तेरेखोल समुद्राला मिळते तिथं, अजिबात उतरू नका. आणि बिअर पिऊन पाण्यात जाणाऱ्याला बाकीच्या तिघांनी धरून ठेवा, भांडण झालं तरी चालेल.

खर्चाचं गणित साधारण असं बसतं: पेट्रोल माणशी आठशे, सावंतवाडी आणि हरमलच्या दोन रात्री मिळून हजार-अकराशे (चौघांत एक खोली), दोन दिवसांचं खाणं हजार. उरलेले तीन हजार दोन धड्यांना. एका धड्याला साधारण दीड-दोन हजार सांगतात, पण चौघं आणि दोन दिवस म्हटल्यावर कमी करतात, मोकळेपणानं विचारा. घरून भडंगाचं मोठं पाकीट न्या, पाण्यातून आल्यावर भूक भयंकर लागते. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असतं, परतीची टाकी पेडण्यात भरा. संध्याकाळ फुकट आहे: उत्तरेकडच्या खडकांवरून चालत गेलात की समुद्राला लागूनच गोड्या पाण्याचं तळं आहे आणि सूर्यास्ताला किनाऱ्यावर ढोलवादन, बाजार. मोरजी-मांद्रे बाजूला थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुंपण घातलेली घरटी दिसली तर लांबूनच जा, रात्री तिथं मोबाईलचा उजेड पाडू नका. दारूच्या बाटल्या मात्र गाडीत आणू नका, परवाना नसेल तर इन्सुली नाक्यावर तपासणीत अडकाल.

जोडून सुट्टी मिळाली तर गोकर्ण, आणि चार दिवस असतील तर मंगळुरूजवळचं मुल्की. आपल्या देशात सर्फिंग रुजलं त्यात त्या बाजूचा मोठा वाटा आहे. मुल्कीच्या शेजारी ससिहित्लूच्या किनाऱ्यावर 2016 साली इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही राष्ट्रीय स्पर्धा झाली. उडुपीजवळ कोडी बेंगरेला मुंबईच्या इशिता मालवीयनं 2007 साली जोडीदारासोबत सर्फ क्लब सुरू केला. एकदा गोडी लागली की तिकडं जाच.

निघण्याआधी बुधवारपर्यंत सर्फिंग शिकवणाऱ्या शाळेला फोन करा आणि चार गोष्टी विचारा: एका शिकवणाऱ्यामागं किती जण, पाण्यात तो स्वतः उतरतो का, जीवरक्षणाचं प्रशिक्षण घेतलंय का, आणि लाटा बिघडल्या तर पैसे परत की दुसरी वेळ. एकाला दोन-तीन जण असतील तर उत्तम, सहा-सात असतील तर दुसरीकडं बघा. शनिवारबरोबर रविवारची वेळही त्याच फोनवर नक्की करा. पुण्या-मुंबईची गर्दी असते आणि सकाळच्या जागा आधी भरतात.