खुराकाचे गणित कुठे चुकले?

प्रश्न : मी बारावीत आहे. लिनियर प्रोग्रॅमिंगचे (म्हणजे दिलेल्या अटी पाळून कमीत कमी खर्च किंवा जास्तीत जास्त नफा काढण्याच्या गणिताचे) आलेख मला नीट काढता येतात, पण शाब्दिक उदाहरणावरून अटी मांडताना घोळ होतो. हे उदाहरण पाहावे : ‘एका गोठ्यासाठी सरकी पेंड आणि मक्याचा भरडा मिसळून रोज किमान ६५ किलो खुराक तयार करायचा आहे. पेंडीत २२ टक्के आणि भरड्यात ९ टक्के प्रथिने आहेत. मिश्रणात किमान १६ टक्के प्रथिने असावीत आणि भरड्याचे वजन पेंडीच्या वजनाच्या निम्म्याहून कमी नसावे. पेंड ४० रुपये आणि भरडा २८ रुपये किलो असल्यास कमीत कमी खर्च किती?’ क्ष म्हणजे पेंड आणि य म्हणजे भरडा मानून मी क्ष + य ≥ ६५, २२क्ष + ९य ≥ १६ आणि य ≤ क्ष/२ अशा अटी लिहिल्या. उत्तर २३४० रुपये आले; उत्तरसूचीत २२४० आहे. कुठे चुकले?

उत्तर : तुमची आकडेमोड बिनचूक आहे, परंतु तीनपैकी दोन अटी चुकल्या आहेत, आणि त्यांतील एक चूक दुसरीच्या आड लपली आहे.

आधी निम्म्याची अट पाहू. ‘कमी नसावे’ यातील ‘कमी’ शब्द पाहून तुम्ही ≤ हे चिन्ह घातलेले दिसते. अशा वेळी चिन्हाचा विचार बाजूला ठेवून साधे आकडे घालून पाहावेत. २० किलो पेंडीत १५ किलो भरडा मिसळला, तर उदाहरणातील वाक्याला तो चालतो, कारण १५ हे १० हून कमी नाही. तुमची अट मात्र त्याला नकार देते. म्हणजे अट य ≥ क्ष/२ अशी हवी.

आता एवढीच दुरुस्ती करून पुन्हा आलेख काढा. उत्तर ० किलो पेंड, ६५ किलो भरडा आणि १८२० रुपये असे येईल. ते उत्तरसूचीपेक्षाही स्वस्त आहे, पण त्या खुराकात प्रथिने ९ टक्केच आहेत. प्रथिनांची अट मुळात काहीच अडवत नव्हती, कारण नुसता २ किलो भरडा घेतला तरी १८ ≥ १६ होते. आधी हे लक्षात आले नाही, कारण उलट्या चिन्हाच्या अटीमुळे पेंड भरड्याच्या निदान दुप्पट घ्यावी लागत होती आणि प्रथिने आपोआप पुरत होती.

टक्के दिसले की ते कशाचे, हे आधी विचारावे. येथे १६ टक्के म्हणजे मिश्रणाच्या एकूण वजनाचे, आणि ते वजन क्ष + य किलो आहे. डाव्या बाजूला मिश्रणातील प्रथिने किलोमध्ये मोजली, तर उजवी बाजूही किलोमध्येच हवी : ०.२२क्ष + ०.०९य ≥ ०.१६(क्ष + य), म्हणजेच ६क्ष ≥ ७य. उजवीकडे ०.१६ × ६५ असा ठरावीक आकडा लिहिण्याचा मोहही टाळावा, कारण खुराक ‘किमान’ ६५ किलो आहे, नेमका ६५ नव्हे. ‘क्ष म्हणजे पेंड’ एवढेच न लिहिता ‘क्ष किलो पेंड’ असे लिहिण्याची सवय लावली, तर ही गफलत बहुधा कागदावरच पकडली जाईल.

अटीत जे लिहिले नाही, त्याची पर्वा हे गणित करत नाही. याचे जुने आणि काहीसे मजेशीर उदाहरण अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांचे आहे. ७७ खाद्यपदार्थांमधून ९ पोषक घटकांची गरज भागवणारा जवळजवळ सर्वांत स्वस्त आहार त्यांनी १९४५ मध्ये शोधला. १९३९ च्या किमतींनुसार त्याचा खर्च वर्षाला ३९.९३ डॉलर येत होता, आणि ताटात गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळवलेल्या घेवड्याचे दाणे (नेव्ही बीन्स) एवढेच होते. चवीची अट कोणी घातलीच नव्हती! पुढे सिम्प्लेक्स या लिनियर प्रोग्रॅमिंगची अचूक उत्तरे काढणाऱ्या पद्धतीने तोच प्रश्न सोडवला, तेव्हा खर्च ३९.६९ डॉलर निघाला.

तुमच्या उदाहरणात क्ष ≥ ०, य ≥ ० या अटीही लिहून ठेवा. मग क्ष + य = ६५ आणि ६क्ष = ७य या रेषा जेथे छेदतात, तेथे क्ष = ३५, य = ३० आणि खर्च १४०० + ८४० = २२४० रुपये मिळतो. निम्म्याची अट येथे सहज पाळली जाते, कारण ३० हे १७.५ हून बरेच जास्त आहे. ती वगळली असती तरी उत्तर हेच आले असते.