वाचकांचे प्रश्न : ‘ट्रायल’च्या कागदावर सही करण्यापूर्वी

कर्करोगावरील नव्या उपचारांच्या चाचण्यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी अनेक वर्षे कर्करोग विभागात चाचणी-समन्वयक म्हणून काम केले आहे. संमतिपत्र समजावून सांगणे आणि चाचणीतील रुग्णांच्या नोंदी ठेवणे हे माझे रोजचे काम होते. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न (कळवा) : माझ्या वडिलांना जिभेच्या कडेला कर्करोग झाला असून त्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. आता लाइट (रेडिएशन) आणि केमो द्यायची आहे. डॉक्टर म्हणाले की, एक ट्रायल सुरू आहे, त्यात दोन प्रकारचे उपचार आहेत आणि वडिलांना कोणता मिळेल हे कॉम्प्युटर ठरवेल. सोळा पानांचे मराठी माहितीपत्रक दिले आहे. आत्या म्हणते, ‘माझ्या भावावर प्रयोग करू देणार नाही.’ वडील म्हणतात, ‘डॉक्टर म्हणतील ते.’ मी काय करावे?

उत्तर : आपल्या आत्यांच्या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. रुग्णाला नीट न सांगता चाचण्या उरकल्याच्या तक्रारी आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या आणि त्यानंतरच नियम कडक झाले. सध्या २०१९ चे नियम लागू आहेत. त्यांनुसार नैतिकता समितीच्या, म्हणजे रुग्णांच्या हितासाठी चाचणीचा आराखडा तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीवाचून एकाही रुग्णाला चाचणीत घेता येत नाही. या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांत कायद्याची जाणकार व्यक्ती आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरची एक सामान्य व्यक्तीही असावी लागते आणि निम्मे सदस्य त्या रुग्णालयाशी संबंध नसलेले असावे लागतात.

‘कॉम्प्युटर ठरवेल’ हे वाक्य ऐकून बहुतेक घरांत धस्स होते, कारण आपल्या माणसाचा उपचार चिठ्ठी टाकून ठरणार असे वाटते. दोन उपचारांपैकी सरस कोणता हे जेव्हा खरोखरच कोणालाही ठाऊक नसते, तेव्हाच अशी चिठ्ठी टाकण्याची परवानगी मिळते. आपल्या वडिलांच्याच आजाराचे उदाहरण पाहू. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असेल आणि मानेत गाठ लागत नसेल, तर मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की गाठ आल्यावर काढाव्यात, यावर नावाजलेल्या शल्यविशारदांत अनेक वर्षे मतभेद होते. एक बाजू म्हणे, उगाच मान कशाला कापायची? दुसरी म्हणे, गाठ हाताला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००४ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर चाचणी सुरू केली. २०१५ मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, तर वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. मधल्या काळात आकडे तपासणाऱ्या स्वतंत्र समितीला हा फरक दिसला आणि नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले. तोपर्यंत दोन्ही बाजूंचे डॉक्टर प्रामाणिकपणेच वाद घालत होते. चाचणी झाली नसती, तर तो वाद आजही चालूच राहिला असता.

त्यामुळे डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा की, चाचणीत न आल्यास वडिलांना कोणता उपचार मिळेल आणि तो चाचणीतील कोणत्या गटाला मिळणार आहे. मानक, म्हणजे सध्या नेहमी दिला जाणारा उपचार एका गटाला पूर्ण मिळणार असेल आणि दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला काही जास्त मिळणार असेल, तर आत्यांची निम्मी शंका तिथेच फिटेल. मानक उपचारातील काही कमी होणार असेल, तर ते कमी करण्याचा आधार काय, हे खोदून विचारा आणि उत्तर समजेपर्यंत सही करू नका. माहितीपत्रक घरी नेऊन वाचण्याचा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्याचा आणि दोन दिवसांनी पुन्हा प्रश्न घेऊन येण्याचा आपल्याला अधिकार आहे.

वडिलांचे ‘डॉक्टर म्हणतील ते’ हे उत्तर मला अधिक काळजीत टाकते. तो विश्वास झाला, संमती नव्हे. मुरबाडकडच्या एका आजोबांना मी असेच माहितीपत्रक वाचून दाखवत होते. औषधे, दुष्परिणाम, तपासण्या या सगळ्यांवर ते नुसती मान हलवत राहिले. भेटींच्या वेळापत्रकाचे पान आले तेव्हा त्यांनी माझा हात थांबवला आणि विचारले, ‘बाई, जूनपासून दर आठवड्याला यायचं? मग लावणीला कोण?’ त्यानंतर आमचे खरे बोलणे सुरू झाले. आजोबा त्या चाचणीत आले नाहीत. नेहमीचा उपचार त्यांनी त्याच डॉक्टरांकडे, त्याच ओपीडीत पूर्ण केला आणि नकार दिला म्हणून त्यांना कोणी मागे ठेवले नाही. वडिलांसोबत सोळाही पाने वाचताना त्यांचा हात कोणत्या पानावर थांबतो, ते पाहा.

वडील वाचू शकत नसतील, तर संपूर्ण संभाषणाच्या वेळी चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असला पाहिजे आणि त्याचीही सही झाली पाहिजे. सही झालेल्या संमतिपत्राची प्रत आणि माहितीपत्रक मागून घ्या व फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा. रात्री-अपरात्री दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले, तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच कागद दाखवायचे आहेत.

प्रश्न (नेरूळ) : आईची स्तनाच्या कर्करोगासाठी केमो सुरू आहे. रुग्णालयात मळमळीच्या गोळ्यांच्या अभ्यासात भाग घेण्याविषयी विचारले. मुख्य आजार बाजूला ठेवून मळमळीवर संशोधन करण्यात काय अर्थ आहे?

उत्तर : आपण हे विचारलेत याचा मला आनंद आहे, कारण या विषयाकडे फार थोडे लोक वळतात. केमोनंतरचे तीन-चार दिवस आपण जवळून पाहिले असतील. कुकरची शिट्टी झाली आणि भाताचा वास आला तरी माणूस तोंड फिरवतो, पाण्याचा घोटही टिकत नाही आणि पुढच्या केमोची तारीख जवळ येऊ लागली की पोटात आधीच ढवळायला लागते. अशा वेळी ‘आता बास’ असे म्हणणारे रुग्ण मी पाहिले आहेत आणि अर्धवट सोडलेल्या उपचाराची किंमत मुख्य आजारातच मोजावी लागते. म्हणून ही संशोधने दुय्यम नाहीत.

ओलान्झापिन हे मूळचे मानसिक आजारांवरील औषध केमोच्या मळमळीवर उत्तम चालते, हे आता सर्वमान्य आहे. मात्र १० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या मात्रेने रुग्ण दुसऱ्या दिवशीही पेंगत राहतो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १० मिलिग्रॅम आणि २.५ मिलिग्रॅम या दोन मात्रांची तुलना केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी मात्रेने उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या आणि दिवसाची गुंगी मात्र पुष्कळ कमी झाली. ज्या बाईला केमोच्या दुसऱ्या दिवशी मुलांचे डबे करायचे असतात, तिच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण दिल्लीच्या एम्सचे आहे. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी घेणाऱ्या अनेकांचे तळहात आणि तळपाय लाल होतात, जळजळतात, सोलवटतात, इतके की चपाती लाटणे किंवा चप्पल घालून जिना उतरणेही नको होते. तेथील डॉक्टरांनी अर्ध्या रुग्णांना हाताला लावण्यासाठी डायक्लोफिनॅकचे जेल दिले आणि अर्ध्यांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले जेल दिले. गुडघेदुखीसाठी आपल्या घरांत ज्या ट्यूब असतात, त्यांतलेच हे औषध आहे. त्रासदायक प्रमाणात हात-पाय सोलवटण्याचे प्रमाण औषध नसलेल्या गटात १५ टक्के, तर डायक्लोफिनॅकच्या गटात ३.८ टक्के आढळले. मात्र हे वाचून कोणीही मनाने ट्यूब लावायला सुरुवात करू नये. आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आईंना अभ्यासात जायचे असेल, तर एवढेच पाहा की मळमळीची सध्याची प्रभावी औषधे दोन्ही गटांना मिळणार आहेत ना, आणि त्रास वाढल्यास जादा औषध लगेच मिळेल ना. आणि हो, रोजच्या त्रासाची डायरी दिली जाईल, ती आईंना त्यांच्याच शब्दांत भरू द्या. घरची माणसे ‘ठीक आहे’ असे लिहून टाकतात आणि खरा त्रास कागदावर येतच नाही.

प्रश्न (वाशी) : चाचणीत काही रुग्णांना औषधाऐवजी नुसती पिठाची गोळी देतात, हे खरे का? कर्करोगात असे करणे पाप नव्हे काय?

उत्तर : प्रभावी उपचार उपलब्ध असताना तो काढून घेऊन नुसती पिठाची गोळी देणे नैतिकतेला धरून नाही आणि अशा आराखड्याला समितीने मंजुरी देऊ नये. कर्करोगाच्या चाचण्यांत अशी गोळी बहुधा चालू उपचाराच्या जोडीला असते : एका गटाला मानक उपचार आणि नवे औषध, तर दुसऱ्याला मानक उपचार आणि निष्क्रिय गोळी. अशी गोळी असणार असेल, तर ते माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असलेच पाहिजे.

प्रश्न (घणसोली) : व्हॉट्सॲपवर संदेश आला की, चौथ्या टप्प्यातील कर्करोगासाठी नवीन उपचाराची ट्रायल आहे, जागा थोड्या आहेत, नोंदणीसाठी पैसे भरा. खरे कसे ओळखावे?

उत्तर : पैसे भरू नका. चाचणीतील नवे औषध मिळवण्यासाठी जागा विकत घ्यावी लागत नाही. भारतात २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधीच करणे बंधनकारक आहे. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. त्यात चाचणीचा क्रमांक, रुग्णालये, मुख्य संशोधक आणि कोणत्या रुग्णांना घेतले जाईल हे सारे दिलेले असते. संदेश पाठवणाऱ्याला तो क्रमांक विचारा. क्रमांक मिळाला, तरी त्या रुग्णालयाच्या ओपीडीत स्वतः जाऊन खातरजमा करा. घणसोलीहून पनवेलकडे जाणारी थेट लोकल खारघरला थांबते आणि तेथे टाटा मेमोरियल केंद्राचेच ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग उपचार आणि संशोधन केंद्र आहे. दुसरे मत घ्यायला इतक्या जवळ सोय असताना अनोळखी क्रमांकावर पैसे पाठवू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न (खारघर) : माझा भाचा १९ वर्षांचा आहे. रक्ताचा कर्करोग केमोनंतर उलटला आहे. कार-टी उपचार अजून प्रयोगच आहे की मान्य झाला आहे? मध्येच सोडता येतो का, आणि काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण?

उत्तर : या उपचारात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून घेतात, कर्करोगाची पेशी ओळखण्याचे साधन प्रयोगशाळेत त्यांना जोडतात आणि वाढवून पुन्हा शरीरात सोडतात. भारतात विकसित झालेला असा पहिला उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या एकत्रित कामातून उभा राहिला. २०२१ मध्ये तो प्रथम आपल्या खारघरच्याच ॲक्ट्रेकमध्ये चाचणी म्हणून दिला गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ती बी-पेशींच्या (या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग आणि लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग या प्रकारांत, आजार उलटलेल्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या, १५ वर्षांवरील रुग्णांसाठी आहे. भाच्याचा आजार बी-पेशींचा आहे का, हा पहिला प्रश्न आहे. पेशी दिल्यानंतर तीव्र ताप येणे, रक्तदाब उतरणे असे त्रास होऊ शकतात, त्यामुळे हा उपचार अशा रुग्णांची सवय असलेल्या केंद्रातच घ्यावा.

मान्य प्रकाराबाहेरील एखाद्या चाचणीत भाचा गेला, तर त्याला कारण न देता कधीही बाहेर पडता येते. फक्त न कळवता घरी औषध बंद करू नका, कारण काही औषधे टप्प्याटप्प्याने थांबवावी लागतात. चाचणीमुळे इजा झाल्यास तिचा वैद्यकीय उपचार मोफत मिळाला पाहिजे आणि इजा चाचणीशी संबंधित ठरल्यास चाचणी प्रायोजित करणाऱ्याने आर्थिक भरपाईही दिली पाहिजे, असे नियम सांगतात. नैतिकता समितीचा दूरध्वनी क्रमांक माहितीपत्रकात असतो. तो आजच आपल्या फोनमध्ये घालून ठेवा.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : माझ्या यजमानांना घशाचा कर्करोग होता. ते एका चाचणीत होते. त्यांना नवे औषध मिळाले नाही, जुन्याच उपचाराचा गट आला. गेल्या वर्षी ते गेले. लोकलमध्ये कर्करोग रुग्णांसाठीच्या डब्यात बसून आम्ही किती खेपा केल्या, किती वेळा त्यांनी रक्त दिले. त्याचा कोणाला काही उपयोग झाला का?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. यजमानांची चाचणी कोणती हे मला माहीत नाही, पण त्याच प्रकारच्या आजारातील एका चाचणीची हकिगत सांगते. इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी औषधे इतकी महाग आहेत की आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांना ती घेताच येत नाहीत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी विचार केला की, निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम दिले तर? डोके आणि मानेच्या बळावलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण या चाचणीत आले. ७५ जणांना केवळ तोंडाने घ्यायच्या कमी मात्रेच्या औषधांचा उपचार मिळाला आणि ७६ जणांना त्याच्या जोडीला निवोलुमॅब. एका वर्षानंतर पहिल्या गटातील १६.३ टक्के रुग्ण जिवंत होते आणि दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के.

यातला ४३.४ हा आकडा सगळे सांगतात. पण शेजारी १६.३ नसता, तर त्याला काहीच अर्थ उरला नसता. ते ७५ जण यजमानांसारखेच जुन्या उपचाराच्या गटात होते. तेही ठरल्या दिवशी आले, त्यांनीही रक्त दिले, आणि त्यांच्यामुळेच आज एखादा डॉक्टर बेताच्या परिस्थितीतील कुटुंबाला सांगू शकतो की, कमी मात्रेतही हे औषध गुण देते.

यजमानांच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर चाचणीचे नाव असेल आणि बहुधा नोंदणी क्रमांकही असेल. तो देऊन मुख्य संशोधकांना साध्या मराठीत पत्र लिहा की, निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर मला कळवावे. चाचणी अजून चालू असेल, तर उत्तराला वेळ लागेल, म्हणून पत्राची पोच घ्या आणि ती त्यांच्या फाइलला लावून ठेवा.