वाचकांचे प्रश्न : मँडरिन कशासाठी शिकायचं?

प्रश्न : आमच्या कारखान्यात चिनी मशिनं बसवायला तिकडचे तंत्रज्ञ येतात. दुभाष्यावाचून काम निघावं एवढं मँडरिन हवं आहे. एचएसकेच्या, म्हणजे चिनी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षा द्याव्यात का? (चाकण)

उत्तर : तुमचं कारण नेमकं आहे, त्यामुळे बरंच काही वगळता येईल. एचएसकेच्या सहा पातळ्यांच्या आराखड्यात तिसरीला ६०० आणि चौथीला १,२०० शब्द लागतात, पण त्यांत बेअरिंग आणि गळती शोधून सापडणार नाहीत. शिवाय बोलण्याची परीक्षा वेगळी असते. परीक्षा सोडा, हाताने अक्षरं लिहिण्याचा सरावही सोडा. फोनवर उच्चार टाइप केला की अक्षरं समोर येतात, त्यांतलं योग्य ते ओळखता आलं म्हणजे झालं.

आधी मशिनच्या पॅनेलचे फोटो काढून त्यावरचे शब्द पाठ करा. 'सुरू', 'स्वयंचलित' आणि 'हाती' या तिन्ही बटणांवर शेवटचं अक्षर एकच असतं, 'तुंग', म्हणजे हालणं. नजर पहिल्या अक्षरावर ठेवायची.

उच्चारात गाडी अडते ती पिनयिन या रोमन लिपीमुळे. आपण ती इंग्रजीसारखी वाचतो. पिनयिनमधला 'बी' हा ब नसून प आहे, आणि 'पी' म्हणजे 'फळ'मधला अस्सल मराठी फ, ओठ दाताला न लावता. तसंच 'डी' त, 'टी' थ, 'जी' क, 'के' ख. 'जे' म्हणजे 'चिमणी'तला च, 'झेड' म्हणजे 'चमचा'तला. इंग्रजी भाषकांना हे फरक घोटून घ्यावे लागतात, मराठी माणसाला बहुतेक फुकट मिळतात. 'सी' तेवढा मराठीत नाही. 'चमचा'तला च जोरात श्वास सोडून म्हणा. सुरुवातीला प्रत्येक शब्दाशेजारी देवनागरी उच्चार लिहाच, शिक्षकांनी नाक मुरडलं तरी.

सूर मात्र फुकट मिळत नाहीत. मँडरिनमध्ये चार सूर आहेत आणि सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. 'माइ' तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणं, चौथ्यात म्हणजे विकणं. सुटे भाग मागवताना ही गफलत महागात पडेल. मराठीत प्रश्न विचारताना आपण वाक्याचा शेवट वर नेतो. ती सवय इथे आली की उतरता चौथा सूर चढता दुसरा होऊन बसतो. हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला शेवटी 'मा' लावा आणि आधीच्या शब्दांचे सूर जागच्या जागी ठेवा. तिसऱ्या सुराचे दोन शब्द लागोपाठ आले तर पहिला दुसऱ्या सुरात म्हणतात. 'नी हाओ' (नमस्कार) म्हणताना हेच घडतं.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. पुढचा काळ चीनचा, म्हणून तिला मँडरिनच्या क्लासला घालावं का? (डोंबिवली)

उत्तर : हे कारण तुमचं झालं. तिचं काय आहे ते आधी विचारा. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा इंग्रजी भाषकांसाठीचा अंदाज २,२०० वर्गतासांचा आहे. रोज एक तास धरला, एकही सुट्टी नाही, तरी सहा वर्षं. दुसऱ्याच्या कारणावर इतकं चालत नाही. पहिली दोनेकशे अक्षरं होईपर्यंत शिकू द्या आणि मग तिलाच ठरवू द्या. चीनमध्ये शिकायचं ठरलं तर परीक्षेची घाई नको, कारण प्रवेशासाठी एचएसकेचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात. तैवानचा विचार असेल तर तिथे जुनी, पूर्ण रूपातली अक्षरं चालतात आणि परीक्षाही निराळी आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर थांग काळातल्या कविता मुळातून वाचायच्या आहेत. बोलायला न शिकता जमेल? (सोलापूर)

उत्तर : जमेल. या कवितांची भाषा अभिजात चिनी आहे, आजच्या संभाषणाचं व्याकरण तिथे थोडंच उपयोगी पडतं. पाच अक्षरी चार ओळींच्या रचनांपासून सुरुवात करा. एक कविता म्हणजे वीस अक्षरं, आठवड्याला एक पुरे. मोठ्याने वाचताना काही यमकं जुळणार नाहीत. शब्दाच्या शेवटी येणारे जुने प, त, क मँडरिनमधून गेले आहेत, हाँगकाँगकडच्या कँटोनीज या चिनी बोलीत ते अजून ऐकू येतात. तेव्हा अशा कवितेचं कँटोनीज वाचन मिळालं तर तेही ऐका.