चतुराला चार पंख आणि माशीला दोनच, मग जास्त चांगलं कोण उडतं?

पंख मोजून याचं उत्तर मिळणार नाही, ते हलतात कसे हे बघावं लागेल आणि तिथेच या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चतुराचे उडायचे स्नायू थेट पंखांच्या मुळाशी जोडलेले असतात, त्यामुळे चारही पंख तो वेगवेगळे हलवू शकतो, म्हणून तर तो हवेत एका जागी थांबतो, गर्रकन वळतो, थोडा मागेसुद्धा जातो. पंखांचा वेग मात्र सेकंदाला ३०-४० वेळा वगैरे, बस्स.

घरमाशीचं तंत्रच वेगळं. तिचे मुख्य स्नायू पंखांना नाही तर छातीच्या कवचाला जोडलेले असतात, एक जोडी आकसली की कवच दबतं आणि पंख वर जातात, दुसरी आकसली की खाली येतात. शिवाय मेंदूकडून दरवेळी नवा सिग्नल यावा लागत नाही, एका सिग्नलवर बऱ्याच फडफडी होतात, म्हणूनच सेकंदाला २०० च्या आसपास जमतं आणि तो भुणभुण आवाज येतो.

आणि तिचे मागचे दोन पंख गेले कुठे? तर त्यांच्या झाल्यात बारीक दांड्यांवरच्या गाठी! त्या पंखांच्या उलट दिशेने हलत राहतात आणि अंग जरा जरी कललं तरी त्यांच्या मुळाशी ते जाणवतं, मोबाईलमधल्या जायरोस्कोपसारखं. त्या काढल्या तर माशीला तोल सांभाळून उडताच येत नाही. घरमाशीच्या या गाठी पटकन दिसत नाहीत पण लांब पायांची, मोठ्या डासासारखी दिसणारी क्रेन फ्लाय भिंतीवर बसली की नुसत्या डोळ्यांनी दिसतात, नक्की बघा. मला विचाराल तर उडण्याच्या यंत्रात माशीच एक नंबर.

पण शिकारीत चतुराला तोड नाही. तो भक्ष्याच्या मागे धावत नाही, ते जिथे पोचणार तिथे आधीच पोचतो आणि काटेरी पायांच्या टोपलीत उडता उडता पकडतो. याच पायांवर त्याला धड चालता मात्र येत नाही, माशी छतावर उलटी फिरते तसं तर नाहीच.

बालपण पण अगदी वेगळं, माशी उबदार हवेत अंडं, अळी, कोष सगळं आटपून आठ-दहा दिवसांत उडायला लागते, चतुराला कोषच नसतो, त्याचं पिल्लू पाण्यात राहतं, खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्या धरतं आणि काही जातींत तर वर्षानुवर्षं तिथेच असतं.

चतुर जवळून बघायचा असेल तर उन्हात पाण्याकाठी जा, तो उडाला तरी तिथेच थांबा, बऱ्याच जातींचे चतुर फिरून त्याच काडीवर येऊन बसतात.