मॉर्फिनची गोळी, दारूची भीती

"मॉर्फिनची सवय लागली तर?" कॅन्सरच्या रुग्णाला दुखणं कमी करायला ही गोळी सुरू झाली की घरचे हमखास विचारतात. घनसावंगी तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंच नाही, परस्पर गोळ्या कमी केल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

वडिलांना गालाचा कॅन्सर, ठणका थेट कानापर्यंत. गोळी दर चार तासांनी लिहिलेली. मुलगा मात्र आबा कण्हायला लागल्यावरच द्यायचा, तीही कधी अर्धीच. "ताई, चुलता दारूपायी गेला. आता आबांनाबी नाद लागला तर?"

ज्या घराने व्यसन पाहिलंय, तिथे नुसतं 'घाबरू नका' म्हणून भागत नाही. चुलत्याचं डॉक्टरांच्या कानावर घातलं. मग मुलाला सांगितलं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. शरीराला सवय होते हे खरं, म्हणून ती एकदम तोडायची नाही, डॉक्टर हळूहळू उतरवतात. आणि कडब्याची गंज पेटल्यावर पाण्याला धावण्यात काय अर्थ? जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगितलंय: औषध शक्यतो तोंडाने, घड्याळ बघून.

"आबा, दहापैकी किती दुखतं?" ते नुसते बघत राहिले. आण्यांत विचारलं, तर लगेच, "चौदा आणे." मग वहीच घातली: गोळीची वेळ, पुढे आणे. मध्येच कळ उठली तर द्यायचा जादा डोस डॉक्टरांनी लिहून दिला.

सुरुवातीला गुंगी आली, तसा फोन: "शेवटचं औषध हाय का हे?" नाही. उपचार चालू असतानाही मॉर्फिन देतात. गुंगी बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. पण हाका मारून जाग येईना किंवा श्वास मंदावला, तर लगेच दवाखाना गाठायचा, हे बजावलं.

पुढे आबाच गोळी नको म्हणू लागले. कारण निघालं पोट! मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच, ती गुंगीसारखी आपोआप जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध रोज सोबत लागतं. तेच घरात संपलं होतं. पण लेकापुढे संडासाचं कोण काढणार? माझ्या मते गोळी सुटण्यामागे व्यसनाच्या भीतीइतकंच हे कारण असतं, म्हणून मी प्रत्येक भेटीत आधी तेच विचारते.

रेडिएशननंतर ठणका चार आण्यांवर आला, तेव्हा डॉक्टरांनी डोस टप्प्याटप्प्याने उतरवला. आबांची त्यावर काही कुरकुर नव्हती. गुटख्याची पुडी मात्र अजून मागतात, असं मुलगा सांगत होता.