मेलबर्नला येण्यापूर्वी : इथल्या आदिवासींच्या हक्कांविषयी

इथल्या बैठकांच्या सुरुवातीला भूमीच्या मूळ मालकांचा उल्लेख का होतो आणि नव्याने येणाऱ्याने या विषयात कितपत लक्ष घालावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नीट लक्ष घालावे, कारण ज्या आदिवासींनी इथला अन्याय भोगला त्यांतील अनेक जण आज हयात आहेत.

ही भूमी कुणाच्याच मालकीची नाही, असे गृहीत धरून ब्रिटिशांनी ती ताब्यात घेतली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे एडी माबो एका विद्यापीठात माळीकाम करीत असताना त्यांना तेथील प्राध्यापकांकडून कळले की, आपण वडिलोपार्जित समजतो ती जमीन कायद्याने सरकारची आहे. त्यांनी दावा लावला आणि हायकोर्टाने (इथले हेच सर्वोच्च न्यायालय) जून १९९२ मध्ये ते गृहीतक मोडीत काढले. माबो मात्र त्याच वर्षी जानेवारीत वारले होते.

१९६७ च्या सार्वमताने आदिवासींना मताधिकार मिळाला, असे आपली मंडळी सर्रास सांगतात, ते खरे नाही. केंद्रीय निवडणुकीतील मताधिकार सर्वांना १९६२ मध्येच मिळाला होता. १९६७ मध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी जी संमती दिली, ती त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला देण्यास आणि लोकसंख्येच्या मोजणीतून त्यांना वगळणारे कलम रद्द करण्यास. आईबापांपासून मुले हिरावून नेण्याचे सरकारी धोरण तर त्यानंतरही काही वर्षे चालले, आणि संसदेत पंतप्रधान केव्हिन रड यांनी त्याबद्दल माफी मागितली ती २००८ मध्ये.

पुढचा प्रवास सरळ चढता आहे, असेही समजू नये. संसदेला सल्ला देणाऱ्या आदिवासी मंडळाचा प्रस्ताव २०२३ च्या सार्वमतात सहाही राज्यांनी फेटाळला. लोकसंख्येत चार टक्क्यांहून कमी असलेल्या या समाजाचे तुरुंगांतील प्रमाण सुमारे एक तृतीयांश आहे. तरीही ‘त्यांना सगळे फुकट मिळते’ हे वाक्य आपल्याच लोकांच्या जेवणावळीत आपल्या कानी पडेल. आरक्षणावरच्या गप्पा इथेही आपली पाठ सोडत नाहीत.

२६ जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिन जरूर साजरा करावा, पण ब्रिटिशांच्या आगमनाचा तोच दिवस इथे ऑस्ट्रेलिया दिन असतो आणि १९३८ पासून आदिवासींनी तो शोकदिन मानला आहे, हे ध्यानात ठेवून सहकाऱ्यांना त्या दिवसाच्या शुभेच्छा सरसकट देऊ नयेत. आणि एखाद्या गोऱ्या दिसणाऱ्या माणसाने स्वतःला आदिवासी म्हटले, तर ‘रक्ताच्या कितव्या हिश्शाने?’ असे विचारू नये. पूर्वी हाच हिशेब मांडून सरकारी अधिकारी मुले उचलून नेत असत.